ड्रॉइंग शिकवता, कोटेशन कधी शिकवणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या भागात रिक्षांच्या मागे आणि विजेच्या खांबांवर इंटिरियर डिझाइनच्या कोर्सच्या जाहिराती दिसू लागतात. इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळालेली, हात चांगला असलेली मुलं-मुली घरच्यांशी बोलून या वाटेला जातात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या वर्गातून गेलेल्या बऱ्याच मुलींनी आणि काही मुलांनी हा कोर्स केला. कोणी पॉलिटेक्निकमधून पदविका घेतली, कोणी खासगी संस्थेतून वर्षभराचं प्रमाणपत्र, एखादीने पदवी.

कोर्स संपल्यावर यातले अनेक जण माझ्याकडे येतात. प्लायवूड आणि फॉल्स सीलिंग हा काही माझा विषय नाही. ते येतात भाषेसाठी. "मिस, क्लायंटला कोटेशनसोबत पत्र द्यायचंय, मराठीत कसं लिहू?" "मिस, तीन महिने झाले, पैसे मागायचेत. असा मेसेज पाठवला तर उद्धट वाटेल का?" "मिस, त्यांनी खुलासा मागितलाय, म्हणजे नेमकं काय लिहायचं?" असे प्रश्न वर्षानुवर्षं ऐकल्यावर माझं एक मत झालं आहे.

या अभ्यासक्रमांत मुलांना खोली सजवायला शिकवलं जातं, व्यवसाय करायला शिकवलं जात नाही. या उणिवेचा फटका सगळ्यांनाच बसतो. पण ज्यांच्या घरी वकील काका नाहीत, सीए मामा नाहीत, वर्ष-दोन वर्षं बिनपगारी ढकलण्याइतकी शिल्लक नाही, त्यांना तो सर्वांत जास्त बसतो. म्हणजे कारागिरांच्या, छोट्या दुकानदारांच्या, रिक्षावाल्यांच्या मुलांना.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रमात 'प्रोफेशनल प्रॅक्टिस' नावाचा विषय असतोच की. असतो, पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी, आणि पाठांतराचा. 'कराराचे प्रकार लिहा', 'डिझायनरची आचारसंहिता थोडक्यात सांगा', 'निविदा म्हणजे काय?' माझ्याकडे आलेल्या एका मुलीला या विषयात चांगले गुण होते. तिला मी विचारलं, "तू स्वतः एक तरी कोटेशन केलंस का?" तिने केलं नव्हतं. वर्गात कोणीच केलं नव्हतं. तीन वर्षांतला सगळा वेळ ऑटोकॅड, स्केचअप आणि चकचकीत थ्रीडी चित्रांवर गेला होता. चित्रं सुंदर होती. पण त्या चित्रातलं कपाट किती रुपयांचं, ते कोण करणार, किती दिवसांत करणार आणि बिघडलं तर कोणाची जबाबदारी, याचं उत्तर त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

व्यवहारात हे प्रश्न पहिल्याच दिवशी येतात. साधं उदाहरण घेऊ. बेडरूममध्ये सात फूट रुंद, सात फूट उंच कपाट करायचं आहे आणि त्याच्यावर छतापर्यंत दोन फुटांचा माळा, ज्याला सगळे लॉफ्ट म्हणतात. सुतार दर सांगतो तो समोरच्या बाजूच्या चौरस फुटावर. कपाट झालं ४९ चौरस फूट, लॉफ्ट १४. समजा दर १,५०० रुपये ठरला. नुसत्या कपाटाचे ७३,५०० होतात, लॉफ्ट धरला तर ९४,५००. आता कोटेशनमध्ये फक्त 'वॉर्डरोब, दर १,५०० रुपये चौरस फूट' एवढंच लिहिलं असेल तर लॉफ्ट त्यात आहे की नाही? आतून लॅमिनेट लावायचं की नुसता रंग? ड्रॉवर दोन की चार, आणि त्यांचे चॅनल दरात धरलेत का? हँडल कोणी आणायची? प्लाय कोणतं, साधं आयएस ३०३ चं की पाण्याला टिकणारं आयएस ७१० चं? या प्रत्येक प्रश्नामागे काही हजार रुपये असतात. कागदावर उत्तर नसलं की ते हजार रुपये सुतार, क्लायंट आणि डिझायनर या तिघांपैकी ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या खिशातून जातात. नव्या मुलीचा आवाज लहानच असतो.

फीचंही तसंच. फी घेण्याच्या तीन रीती सगळ्यांना पाठ असतात: कामाच्या खर्चावर टक्के, चौरस फुटावर दर किंवा ठोक रक्कम. पण टक्के नेमके कशावर, हे कोणी विचारत नाही. समजा काम दहा लाखांचं आहे आणि फी आठ टक्के ठरली, म्हणजे ८०,००० रुपये. मध्येच क्लायंट म्हणतो, "टाइल्स, दिवे, सोफा आणि एसी मी माझ्या ओळखीतून घेतले, चार लाखांचे. तुमची फी उरलेल्या सहा लाखांवर." झाले ४८,०००. टाइल्स निवडायला मुलगी चार दुकानं फिरलेली असते, टाइल्सचा आराखडा तिने काढलेला असतो, दिव्यांचे पॉइंट तिने दिलेले असतात. तरी तिचे ३२,००० गेले. क्लायंट लबाड होता असंही नाही. त्याला तसंच वाटत होतं. 'फी संपूर्ण कामाच्या खर्चावर, साहित्य कोणीही खरेदी केलं तरी' हे एक वाक्य आधी लिहिलं असतं तर वाद झालाच नसता.

माझ्या आणखी एका जुन्या विद्यार्थिनीने दोन खोल्यांच्या घरासाठी तीन महिने काम केलं. आराखडा, थ्रीडी, रंगसंगती, सगळं. दर आठवड्याला बदल. 'बेटा, हे जरा बदलून दाखव ना.' दहा-अकरा वेळा तिने बदलून दिलं. मग एक दिवस फोन उचलणं बंद झालं. काही महिन्यांनी तिला समजलं की तिचीच चित्रं ठेकेदाराला दाखवून घर पूर्ण झालं आहे. हातात किती पैसे आले? शून्य. कारण 'आधी काम आवडू दे, मग पैशांचं बघू' असं बोलण्यावर ठरलं होतं. तिला दोष देणं सोपं आहे. पण 'आराखड्याआधी इतकी आगाऊ रक्कम, दोन बदल फीमध्ये, तिसऱ्या बदलापासून वेगळे पैसे, आणि रक्कम आल्याशिवाय कामाची ड्रॉइंग हातात देणार नाही' एवढ्या चार ओळी तिला तीन वर्षांत कोणी शिकवल्या नसतील, तर दोष फक्त तिचा कसा?

इथे कायद्याची बाजूही पाहायला हवी. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, वास्तुकला परिषद आहे. तिथे नोंदणी नसेल तर नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी अशी कायदेशीर परिषद नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्थाही १९७२ पासून आहे, पण ती व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारी परिषद नाही. म्हणजे उद्या कोणीही पाटी लावून बसू शकतो. याचा दुसरा अर्थ असा की पदवीचा कागद या व्यवसायात फारसं संरक्षण देत नाही. संरक्षण देतो तो दोघांनी सही केलेला कागद. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारालाही मान्यता आहे, पण तोंडी करार सिद्ध करताना घाम फुटतो.

गंमत म्हणजे या व्यवसायाला कायद्यात जागा मिळाली ती करखात्याकडून. आयकर कायद्यात वकील, डॉक्टर, इंजिनियर, वास्तुविशारद यांच्या यादीत 'इंटिरियर डेकोरेशन'ही आहे. म्हणजे सरकारच्या हिशेबात ही मुलं केव्हाच व्यावसायिक झाली आहेत, पण त्यांना पावती पुस्तक कसं ठेवायचं हे कोणी सांगितलेलं नाही. एखाद्या कंपनीने फीमधून टीडीएस कापला तर माझी माजी विद्यार्थिनी घाबरून विचारते, "मिस, त्यांनी पैसे का कापले?" तो कर तिच्या नावावर जमा झाला आहे आणि विवरणपत्र भरलं तर त्यातला परतही मिळू शकतो, हे तिला माहीत नसतं.

जीएसटीचंही एक साधं गणित आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. फक्त फी घेणाऱ्या नव्या डिझायनरला ही मर्यादा गाठायला वेळ लागेल. पण 'सगळं काम मीच करून देते' म्हणून साहित्य आणि मजुरीसकट बिल स्वतःच्या नावाने केलं, तर दहा-दहा लाखांच्या दोन-तीन फ्लॅटमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते. मग १८ टक्के कर कुठून भरायचा? क्लायंटला तर तो सांगितलेलाच नसतो. फी वेगळी आणि ठेका वेगळा, एवढा फरक समजला तरी नोटीस येण्याची भीती बरीच कमी होईल.

कागद फक्त डिझायनरच्या बाजूने काम करतो असं नाही. क्लायंट हा ग्राहक आहे आणि सेवेत त्रुटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो दाद मागू शकतो. मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांत फ्लॅटमध्ये बदल करण्याआधी लेखी परवानगी लागते, कॉलम-बीमला हात लावता येत नाही, कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारावं लागतं. ही परवानगी कोणी आणायची, हे न लिहिता काम सुरू केलं आणि सोसायटीने ते थांबवलं, तर रोज बसून असलेल्या कारागिरांची मजुरी कोणी द्यायची?

आता माझ्या विषयाकडे येते. प्रोफेशनल प्रॅक्टिस हा शेवटी भाषेचा विषय आहे असं मला वाटतं. अर्ज, पत्र, सभेचं टिपण, अहवाल, तक्रार, आठवण पत्र. हे सगळं आम्ही आठवी ते दहावी 'उपयोजित लेखन' म्हणून शिकवतो आणि मुलं ते गुणांपुरतं लिहितात. पुढे हाच धडा पोटापाण्याचा होतो.

आणि उर्दू शाळेतल्या मुलांना मी नेहमी एक गोष्ट दाखवते. मराठीत व्यवहाराचे जे शब्द आहेत त्यातले किती तुमच्या घरातले आहेत बघा. करार, मुदत, तारीख, रक्कम, हिशेब, बाकी, वसूल, अर्ज अरबीतून आले. दस्तऐवज, नमुना, मजुरी, कारागीर फारसीतून. ज्या नकाशावर तुम्ही काम करता तो नकाशा अरबी, ज्या इमारतीत करता ती इमारत अरबी, तिचा दरवाजा फारसी. मराठी व्यवहाराची भाषा तुम्हाला परकी नाही, अर्धी पाठच आहे. फक्त अर्थ कुठे सरकला ते पाहावं लागतं. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा, मराठीत हप्ता म्हणजे ठरलेल्या मुदतीने द्यायची रक्कम. उर्दूत तकरार म्हणजे भांडण, मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. क्लायंटने 'खुलासा करा' लिहिलं तर त्याला सारांश नको असतो, कारण हवं असतं.

लिहून ठेवण्याला आपल्या घरांत अजूनही अविश्वास समजतात. 'अपनेही लोग हैं, कागज कशाला?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. अशा वेळी मी सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण करून देते. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय काय? मुदतीचा व्यवहार लिहून ठेवणं, लिहिणारा प्रामाणिक असणं, साक्षीदार असणं. रक्कम छोटी आहे म्हणून कंटाळा करू नका, असंही त्यात सांगितलं आहे. जे घर नमाज-रोज्याबाबत इतकं काटेकोर आहे, त्या घराने बयाण्याची पावती मागायला लाजावं, हे मला पटत नाही.

आता या मुलांकडे जे आहे त्याबद्दल. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांत सुतार, पॉलिशवाले, पीओपीवाले, सोफा भरणारे, रंगारी आहेत. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की मुस्लिम समाजात स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. ते आम्हाला रोज डोळ्यांनी दिसतं. अशा घरातली मुलगी लहानपणापासून रंधा, पटाशी, गुण्या ही नावं ऐकत मोठी होते. प्लायचा तक्ता आठ बाय चारचा म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो, हे तिला कोर्सला जाण्याआधीच माहीत असतं.

कॉलेजात तिला सगळं मिलिमीटरमध्ये शिकवतात. साइटवर सुतार फूट, इंच आणि सूत बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडा जास्त. १९ मिलिमीटरचं प्लाय त्याच्या तोंडी पाऊण इंची किंवा सहा सुती. ड्रॉइंगवर लिहिलेले १८ मिलिमीटर आणि बाजारातून आलेले सहा सूत यांत एक मिलिमीटरचा फरक आहे. चार फळ्या जोडल्या की तो चार मिलिमीटर होतो आणि शटर अडकतं. हे ज्याला कळतं तो डिझायनर साइटवर एका दिवसात मान मिळवतो. शिवाय ही मुलगी क्लायंटशी मराठीत, उत्तर प्रदेशातून आलेल्या मिस्त्रीशी त्याच्या हिंदीत आणि दुकानदाराशी जमेल तशा इंग्रजीत बोलू शकते. ड्रॉइंग इंग्रजीत, क्लायंट मराठीत आणि काम हिंदीत, अशी आपल्याकडची साइट असते. तिथे तीन भाषांतून ये-जा करणारं माणूस फार मोलाचं.

पण होतं काय? कॉलेजात मुलाखतीची तयारी करून घेताना हे सगळं लपवायला शिकवलं जातं. अब्बा सुतार आहेत हे सांगायला मुलं कचरतात. पोर्टफोलिओत चकचकीत चित्रं असतात आणि जे काम वडिलांसोबत उभं राहून करवून घेतलं त्याचा फोटोही नसतो. मी त्यांना सांगते, पोर्टफोलिओत आठ-दहाच कामं ठेवा, पण त्यातलं एक तरी असं असू द्या की ज्यात मोजमापाचा कागद आहे, सुताराला दिलेलं ड्रॉइंग आहे, कोटेशन आहे, काम चालू असतानाचा फोटो आहे आणि शेवटी झालेलं कपाट आहे. त्यातलं काय तुम्ही केलं आणि काय दुसऱ्याने, तेही लिहा. नोकरी देणाऱ्याला सुंदर चित्रं रोज दिसतात, असं पान क्वचित दिसतं.

कारागिराच्या घरातून डिझायनर घडणं ही काही नवी गोष्टही नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. तिथे १८६५ मध्ये शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग पुढे लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख झाले. लाहोरला त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे भाई राम सिंग, पंजाबातल्या सुतारकाम करणाऱ्या शीख घराण्यातला मुलगा. इंग्लंडमधल्या ऑस्बोर्न हाउस या राणी व्हिक्टोरियाच्या निवासस्थानातलं दरबार दालन १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याच आराखड्यावरून सजलं. पुढे तो त्याच मेयो स्कूलचा प्राचार्य झाला. लाकूड ओळखणारा हात आणि कागदावर काढता येणारा आराखडा, दोन्ही त्याच्याकडे होतं. मग आमच्या मुलांनी बापाचं हुनर कशासाठी लपवायचं?

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ पालक हा कोर्स निवडतात तेच 'घरी बसून लॅपटॉपवर करता येईल' म्हणून. साइटवर जाणार म्हटलं की कपाळाला आठ्या. त्यांची काळजी खोटी नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सात-आठ अनोळखी कारागीर आणि एकटी मुलगी, हे कोणत्याही आई-बापाला अवघडच वाटेल. पण साइट न बघितलेली डिझायनर आयुष्यभर दुसऱ्याची चित्रं रंगवत राहते, आणि त्या कामाचे पैसे सर्वांत कमी. यावर मार्ग आहेत. कॉलेजने पहिल्या सत्रापासून दिवसा, गटाने, शिक्षिकेसोबत साइटभेटी ठेवाव्यात. मुलींनी दोघी-दोघींनी मिळून काम घ्यावं. साइटवर जायची वेळ क्लायंटला आणि ठेकेदाराला आधी लिहून कळवावी. आणि ज्यांचे अब्बा किंवा भाई स्वतः मिस्त्री आहेत त्यांनी तर मुलीला हात धरून साइटवर न्यावं. तिच्यासाठी याहून चांगली शाळा कोणती?

मग येते इंटर्नशिप. कोर्सचा भाग म्हणून चार-सहा महिने एखाद्या स्टुडिओत काम करायचं असतं. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे मिळत नाहीत. 'शिकायला मिळतंय ना' असं सांगतात. १९६१ च्या प्रशिक्षणार्थी कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे, पण चार-पाच माणसांच्या स्टुडिओवर त्याची सक्ती नाही. मुंब्र्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्या मुलीचा पास, रिक्षा आणि दुपारचं जेवण यांचा खर्च कोण करणार? ज्याच्या घरी तो खर्च झेपतो तो नावाजलेल्या स्टुडिओत जातो, ज्याच्या घरी झेपत नाही तो जवळच्या झेरॉक्सवाल्याशेजारच्या ऑफिसात बसून इतरांची ड्रॉइंग ट्रेस करतो. पुढची दहा वर्षं कोण कुठे असेल ते बरंचसं इथेच ठरतं. गुणवत्तेचा त्याच्याशी फार थोडा संबंध असतो. निदान प्रवास आणि जेवणाचे पैसे देणाऱ्या स्टुडिओंकडेच आम्ही विद्यार्थी पाठवू, एवढं जरी कॉलेजांनी ठरवलं तरी फरक पडेल.

एक नाजूक विषय राहिला, कमिशनचा. प्लाय, हार्डवेअर, टाइल्सच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन देण्याची पद्धत बाजारात आहे, आणि नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात तिची ओळख होते. फी कमी सांगायची आणि उरलेलं दुकानातून काढायचं. मला ही पद्धत पसंत नाही. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला ते कळत नाही, हे एक. आणि दुसरं, डिझायनरच्या मेहनतीला स्वतःची अशी किंमत उरत नाही. क्लायंटला वाटतं डिझायनर फुकटात मिळतो. ज्यांना योग्य फी मागता येत नाही तेच कमिशनकडे वळतात. म्हणून फी मागायला शिकवणं हा नीतीचाही धडा आहे. दुकानातून सवलत मिळत असेल तर ती क्लायंटच्या बिलात दाखवा, किंवा मिळणारी रक्कम त्याला सरळ सांगा. बरकत त्यात आहे.

यावर कॉलेजांचं उत्तर ठरलेलं असतं. 'आम्ही सर्जनशीलता घडवतो. व्यवहार काय, काम करता करता येतोच.' येतो, पण कोणाला? ज्याच्या घरी चुका सोसण्याची ऐपत आहे त्याला. पहिल्या कामात पन्नास हजार बुडाले तर एक मुलगा शहाणा होतो आणि दुसरं काम घेतो. दुसऱ्याच्या घरी तेवढ्यात बहिणीचं लग्न अडतं आणि तो व्यवसाय सोडून मॉलमध्ये मोबाइल विकायला लागतो. असे गुणी मुलगे मी पाहिले आहेत. मुली तर सोडतातच, आणि कोणी विचारतही नाही.

मला काय हवं आहे? फार मोठं काही नाही. प्रोफेशनल प्रॅक्टिस शेवटच्या वर्षातून काढून पहिल्या वर्षात आणा. प्रत्येक डिझाइनसोबत त्याचं मोजमाप आणि कोटेशन मागा, आणि त्यालाही चित्राइतकेच गुण द्या. सुताराला, इलेक्ट्रिशियनला वर्गात बोलवा आणि त्यांना व्याख्यानाचं मानधन द्या. एक दिवस सीएला, एक दिवस वकिलाला बोलवा. करारपत्राचा एक साधा नमुना मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत मुलांच्या हातात द्या, म्हणजे क्लायंटलाही तो वाचता येईल आणि ठेकेदारालाही.

विद्यार्थ्यांसाठी माझं सांगणं आणखी सोपं आहे. शंभर पानी एक वही करा. प्रत्येक भेटीची तारीख, काय ठरलं, कोणी काय बदल सांगितला, कोणी किती रक्कम दिली आणि बाकी किती, हे त्याच दिवशी लिहा. संध्याकाळी तेच चार ओळींत क्लायंटला मेसेज करा: 'आज ठरल्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून. रागावून नाही, अदबीने. ज्या कामाचे पैसे ठरले नाहीत ते काम सुरू करू नका, मग ते मामूंचं घर का असेना. मामूंना सवलत द्या, हवं तर निम्मी फी घ्या, पण बिलात पूर्ण फी लिहून त्यातून सवलत वजा दाखवा, म्हणजे तुमच्या कामाची किंमत किती होती हे त्यांनाही समजेल आणि तुम्हालाही. कंपन्यांची कामं घ्यायची असतील तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती मोफत आहे, आणि २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासह.

आणि पालकांना एवढंच म्हणेन की मुलीच्या कोर्सची फी भरताना संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा. वर्गात एसी आहे का, लॅपटॉप मिळणार का, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा: 'कोर्स संपेपर्यंत माझी मुलगी एक खरं कोटेशन करेल का, आणि ते कोणी तपासेल का?' काउंटरवरच्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही, तर त्या दिवशी फी न भरता परत या आणि आणखी दोन संस्था पाहा.